स्किमर लावूनही कूलंटमध्ये तेल परत का येतं, आणि उपकरण निवडताना काय बघायचं

तक्रार बहुतेक ठिकाणी एकाच वळणाने येते. टाकी उपसून साफ केली, नवं कूलंट (कटिंग करताना टूल आणि जॉब थंड ठेवणारं पाणीमिश्रित द्रव) भरलं, सुरुवातीचे काही दिवस सगळं छान चाललं. मग टाकीच्या कडेला तवंग धरू लागतो. कटिंग करताना धूर वाढतो, जॉबवर आणि मशीनच्या आतल्या पत्र्यावर चिकट थर बसतो, ऑपरेटर हाताला खाज सुटते म्हणतात. सुट्टीनंतर मशीन सुरू केलं की कुजका वास. मग स्किमर येतो, म्हणजे वर तरंगणारं तेल उचलून डब्यात टाकणारं उपकरण. पहिला आठवडा तो डबा भरभरून तेल काढतो, सगळे खूश होतात, आणि महिन्याभरात वास परत हजर. त्यानंतरची पायरी ठरलेली: ‘हा छोटा पडतोय, मोठा घ्या.’

मोठा घेऊन सहसा फरक पडत नाही. जुन्या स्किमरला जे तेल काढता येत होतं ते त्याने काढलेलं असतं. उरलेलं तेल त्याच्या आवाक्यातलंच नसतं. म्हणून कॅटलॉग उघडण्याआधी दोन गोष्टी माहीत हव्यात. कूलंटमध्ये तेल कोणत्या रूपात आहे, आणि ते येतंय कुठून. उपकरण पहिल्या उत्तरावर ठरतं, आणि ते उपकरण टिकेल की नाही हे दुसऱ्यावर.

आधी बरणी

लिटरभराची पारदर्शक, उभी बरणी घ्या. मशीन किमान तासभर चालल्यावर नोझलमधून येणारं कूलंट तिच्यात भरा. टाकीच्या वरच्या थरातून नमुना घेऊ नका, तिथे तवंगच हाती लागतो आणि त्याने दिशाभूल होते. नोझलमधून येतं ते पंपातून घुसळून निघालेलं, टूलपर्यंत खरोखर पोचणारं कूलंट. बरणी न हलणाऱ्या जागी ठेवा आणि १५ मिनिटांनी, ४ तासांनी व २४ तासांनी फोटो काढा. शेजारी तितक्याच प्रमाणात बनवलेलं ताजं कूलंट दुसऱ्या बरणीत ठेवलं तर रंगातला फरक लगेच कळतो.

पंधरा मिनिटांतच वर स्वच्छ, तपकिरी-पिवळा थर आला आणि खालचं कूलंट जवळपास ताज्यासारखं दिसलं, तर तेल मोकळं आहे. साधा बेल्ट (फिरता पट्टा) किंवा डिस्क (फिरती चकती) स्किमर पुरेल. तो आधीच बसवलेला असून त्रास चालू असेल तर चूक जागेची किंवा वेळेची आहे. त्याबद्दल पुढे लिहिलंय.

थर यायला काही तास किंवा अख्खी रात्र लागली, तर तेल बारीक थेंब होऊन कूलंटभर विखुरलेलं आहे. पृष्ठभागावर काम करणारं कुठलंही उपकरण चालू मशीनवर ते पकडू शकत नाही. इथे कोअलेसर (बारीक थेंब एकत्र आणून मोठे करणारं उपकरण) किंवा सेंट्रिफ्यूजचा (वेगाने फिरवून तेल वेगळं करणाऱ्या यंत्राचा) विचार करायचा, किंवा मशीन बंद असतानाचा वेळ वापरायचा.

वर जाड, मळकट साय आली तर मामला मधला आहे. तेल, कूलंट, धातूचे अतिसूक्ष्म कण आणि बरेचदा जिवाणूंचा चिकटा, सगळं एकत्र. बेल्टला ही साय थोडीफार चिकटते, पण तेल म्हणून जो डबा भरतो त्यात निम्मं कूलंटच असतं. साय दिसली की धातूच्या बारीक चिप्सचं (कटिंगमधून निघणाऱ्या किसाचं) गाळण कसं चाललंय आणि पाणी किती जड आहे हेही तपासा. जड पाण्यातलं कॅल्शियम इमल्सिफायरशी (कूलंटमधलं तेल पाण्यात मिसळून ठेवणाऱ्या घटकाशी) साबणासारखा थर बनवतं आणि तो तेलाला धरून ठेवतो.

आणि २४ तासांनंतरही वर काहीच आलं नाही, पण ताज्या कूलंटच्या शेजारी आपलं कूलंट राखाडी किंवा मळकट पिवळं दिसतंय, तर तेल पूर्ण मिसळून गेलंय. ते कूलंटला धक्का न लावता वेगळं काढेल असं यंत्र जवळजवळ नाही. नेमकं प्रमाण हवं असेल तर लॅबमध्ये नमुन्यात आम्ल घालून इमल्शन (तेल-पाण्याचं एकजीव मिश्रण) फोडतात आणि निघालेल्या एकूण तेलातून ताज्या कूलंटचं तेल वजा करतात. आम्लाचं काम शॉपवर करू नका. कूलंट पुरवणाऱ्याला सांगा, बहुतेक जण करून देतात.

कूलंटच्या जातीचा इथे मोठा हात आहे. सोल्युबल ऑइलमध्ये इमल्सिफायर भरपूर असतं आणि ते बाहेरच्या तेलालाही सामावून घेतं. सेमी-सिंथेटिक त्यामानाने तेल बाहेर टाकतं, तर पूर्ण सिंथेटिकमध्ये मुळात तेलच नसल्याने तवंग स्वच्छ वेगळा होतो (अर्थात त्यात डिटर्जंट गुणधर्म जास्त असले तर तसं होत नाही). एकच स्किमर दोन मशीनवर वेगवेगळा वागतो तेव्हा पहिला प्रश्न हाच विचारावा: दोन्हीकडे कूलंट एकच आहे का?

बरणीसोबत रिफ्रॅक्टोमीटरकडेही (कूलंटचं प्रमाण दाखवणाऱ्या छोट्या उपकरणाकडेही) बघा. त्यात निळ्या-पांढऱ्यामधली रेघ धूसर, पसरट दिसते का? मिसळलेलं तेल ती रेघ पुसट करतं आणि रीडिंग खोटं वाढवतं. हा आकडा फसवतो आणि नुकसान करतो. रीडिंग जास्त दिसलं म्हणून ऑपरेटर पाणी ओततो, खरं प्रमाण आणखी खाली जातं, गंजरोधक आणि जिवाणूरोधक घटक पातळ होतात, आणि मग गंज आणि वास दोन्ही सुरू. शंका असेल तिथे टायट्रेशनने, म्हणजे नमुन्यात थेंबाथेंबाने रसायन घालून, प्रमाण तपासा. ते क्षारतेवर चालतं, त्यामुळे बाहेरचं तेल त्यात मोजलं जात नाही. दोन्ही आकड्यांत मोठी तफावत हीच मिसळलेल्या तेलाची खूण समजा. पीएचही बघून ठेवा. बहुतेक पाणीमिश्रित कूलंट ८.५ ते ९.५ च्या दरम्यान चांगलं राहतं. तो हळूहळू उतरतोय म्हणजे जिवाणू आम्ल तयार करतायत.

वासाचं कारणही सांगून टाकतो. तवंगाने पृष्ठभाग झाकला की हवेतला ऑक्सिजन आत जाणं थांबतं. मशीन बंद असताना कूलंट फिरतही नाही. अशा वेळी ऑक्सिजनशिवाय जगणारे, सल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड करणारे जिवाणू जोर धरतात. जंतुनाशक ओतून वास काही दिवस दबतो, पण वरचं झाकण जागेवरच असतं.

तेल येतंय कुठून

हा भाग कंटाळवाणा वाटतो म्हणून टाळला जातो, आणि त्यामुळेच प्रश्न परत परत येतो.

हायड्रॉलिक टाकीत कधी, किती तेल भरलं याची नोंद काढा. दर आठवड्याला भर घालावी लागतेय आणि जमिनीवर कुठेही गळती नाही, तर ते तेल कूलंटमध्येच गेलंय. चकचा रोटरी सिलिंडर, क्लॅम्पिंगची सील, टेलस्टॉक, टूल चेंजरची फिटिंग, मशीनच्या आतून जाणारे होज, हे नेहमीचे संशयित. दहा मिनिटांचं सीलचं काम कधी कधी अख्ख्या उपकरणाची गरज संपवतं.

स्लाइडवेचं (मशीनचे भाग ज्यावर सरकतात त्या पट्ट्यांचं) तेल मात्र थांबवता येत नाही. बहुतेक मशीनवर ते एकदा गेलं की परत येत नाही. स्लाइडवर पसरतं आणि कूलंटबरोबर वाहून टाकीत पडतं. पण ते किती जातंय हे आपल्या हातात आहे. ऑटो-ल्युब पंपाचा टायमर कुणीतरी कधीतरी ‘जास्त असलेलं बरं’ म्हणून वाढवून ठेवलेला सापडतो. मशीनच्या पुस्तकातला आकडा बघा आणि तिथे आणा. त्याखाली मात्र नेऊ नका, स्लाइडवे कूलंटपेक्षा महाग असतात.

हिशोब करून बघा, डोळे उघडतात. समजा दोन लिटरची ल्युब टाकी चार दिवसांत संपते. म्हणजे रोज अर्धा लिटर. कूलंटची टाकी ३०० लिटरची. सहा दिवसांत ३ लिटर, म्हणजे आठवड्याला एक टक्का. बाहेरचं तेल साधारण दोन टक्क्यांच्या आत ठेवावं असा संकेत आहे. काही काढलं नाही तर ती मर्यादा दोन आठवड्यांत गाठली जाते. पण याच आकड्याची दुसरी बाजू बघा. काढायचंय रोज अर्धा लिटर, आणि छोट्यात छोटा स्किमरसुद्धा तासाला काही लिटर उचलू शकतो. म्हणजे क्षमता कधीच कमी नव्हती. कॅटलॉगमधला ‘लिटर प्रति तास’ हा आकडा एका मशीनच्या टाकीसाठी जवळजवळ बिनमहत्त्वाचा आहे. शिवाय तो जाड थरावर मोजलेला असतो. पातळ तवंगावर उचल बरीच खाली येते.

तेलाची जातही तपासा. स्लाइडवेसाठी बहुधा व्हीजी ६८ (तेलाच्या दाटपणाचा दर्जा) वापरतात. त्यातही काही तेलं पाण्यापासून चटकन वेगळी होतात आणि काही तासन्‌तास मिसळून राहतात. पुरवठादाराकडून एएसटीएम डी १४०१ चाचणीचा, म्हणजे पाण्यापासून वेगळं होण्याचा आकडा मागा. त्याहून चांगलं म्हणजे आपलं कूलंट आणि ते तेल एका बाटलीत घालून जोरात हलवा आणि ठेवून द्या. फुकटची चाचणी आहे. हायड्रॉलिक तेलांत एचएलपीडी जातीची तेलं मुद्दामच पाण्याला स्वतःत धरून ठेवतील अशी बनवलेली असतात. ती गळली तर स्किमरला बोल लावण्यात अर्थ नाही. आणि आगीच्या धोक्यामुळे कुठे वॉटर-ग्लायकॉल हायड्रॉलिक वापरात असेल तर ते पाण्यात विरघळतं, तवंग येणारच नाही. तिथे एकच उपाय, गळती बंद करणे.

वेळेचं गणित, आणि त्यावरून उपकरण

तेलाचा थेंब किती वेगाने वर येतो हे त्याच्या आकाराच्या वर्गावर ठरतं, हा स्टोक्सचा नियम. व्यास निम्मा झाला की वेग चौथाई. खनिज तेल आणि कूलंट यांच्या घनतेतला नेहमीचा फरक धरला तर १५० मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) थेंब ३०० मिलिमीटर खोलीतून साधारण साडेतीन मिनिटांत वर येतो. २० मायक्रॉनच्या थेंबाला तीन तासांच्या वर लागतात. १० मायक्रॉनला जवळपास १३ तास. ५ मायक्रॉनला दोन दिवस.

आता टाकी ३०० लिटरची आणि पंप मिनिटाला ४० लिटर ओढणारा. कूलंट टाकीत थांबतं किती? साडेसात मिनिटं. मोठे थेंब तेवढ्यात वर येतील, २० मायक्रॉनवाले पुन्हा पंपात जाणार आणि आणखी बारीक होणार. स्पिंडलमधून ७० बारचं हाय प्रेशर कूलंट असेल तर विचारूच नका. पृष्ठभागावर बेल्ट एक असो की चार, जे तेल वर आलंच नाही ते बेल्टला चिकटणार कसं? तक्रारीतलं ‘परत येणारं’ तेल बऱ्याचदा हेच असतं. ते गेलेलंच नसतं.

इथून पुढे निवड सोपी होते.

मोकळं तेल, छोटी टाकी, पातळी फारशी बदलत नाही, तर डिस्क स्किमर. स्वस्त, आटोपशीर, बिघडण्यासारखं फार काही नाही. पण डिस्कचा शाफ्ट पाण्याच्या वर राहावा लागतो, म्हणून ती त्रिज्येहून कमीच बुडते. कूलंट संपत जाऊन पातळी हातभर खाली गेली की डिस्क हवेत फिरते. रोज भर घालायची शिस्त नसेल तिथे डिस्क घेऊ नका.

बेल्टचं हे दुखणं नाही. खालचं टोक तळापर्यंत सोडलं की पातळी वर-खाली झाली तरी बेल्ट पृष्ठभागातून जातोच. अरुंद भोकातून खोल टाकीत सोडता येतो. बहुतेक सीएनसी मशीनसाठी मी पहिली पसंती बेल्टलाच देईन. बेल्ट कशाचा घ्यायचा यावर विक्रेते बरंच बोलतात. व्यवहारात बघायचं एवढंच की तापमान, पीएच आणि चिप्स यांना तो टिकतो का आणि आपलं तेल त्याला धरतं का. स्टीलचा बेल्ट उष्णता आणि धारदार कण सहन करतो. पॉलिमरच्या काही बेल्टना तेल जास्त धरतं, पण गरम अल्कली पाण्यात ते ताणले जातात किंवा कडक पडतात. नमुन्याचा तुकडा मागून घ्या, आपल्या बरणीत बुडवून बाहेर काढा आणि बघा तेल येतं की कूलंट.

नळीचा स्किमर, म्हणजे पृष्ठभागावर तरंगत फिरणारी लवचिक नळी, कचरा आणि चिप्स तरंगत असतील तिथे कामाला येतो. ती टाकीच्या मोठ्या भागावर पसरते, त्यामुळे एका कोपऱ्यावर अवलंबून राहावं लागत नाही. मोठ्या पिटसाठी, सेंट्रल टाकीसाठी चांगली. छोट्या टाकीत तिला फिरायला जागाच नसते.

बरणीत थर यायला तास लागले असतील तर कोअलेसर. त्याच्या आत तिरक्या प्लेट किंवा तेल धरणाऱ्या माध्यमाचा थर असतो. युक्ती साधी आहे: थेंबाला ३०० मिलिमीटर चढायला लावण्याऐवजी दोन प्लेटमधलं १५ मिलिमीटर अंतर दिलं की २० मायक्रॉनचा थेंब तीन तासांऐवजी दहाएक मिनिटांत प्लेटला टेकतो, तिथे दुसऱ्यांना भेटून मोठा होतो आणि वर येतो. अट एकच, प्रवाह मंद हवा. म्हणून कोअलेसर मशीनच्या मुख्य लाइनवर बसवायचा नसतो. बाजूला छोटा फेरा करायचा: तरंगत्या तोंडाने पृष्ठभागाजवळचं कूलंट ओढायचं, वेगळं करायचं, स्वच्छ कूलंट परत टाकीत सोडायचं. मिनिटाला ४ लिटरच्या युनिटमधून ३०० लिटरची टाकी ७५ मिनिटांत एकदा फिरते, पण स्वच्छ कूलंट घाणीतच मिसळत असल्याने एका फेऱ्यात सुमारे ६३ टक्केच कूलंट आतून गेलेलं असतं. तीन फेऱ्यांनी ते ९५ टक्क्यांवर जातं. म्हणजे चारेक तास द्यायचे. एक ट्रॉलीवरचं युनिट रोज वेगळ्या मशीनला लावून अख्खं शॉप सांभाळता येतं, आणि छोट्या कारखान्यासाठी मला हाच सगळ्यात शहाणपणाचा खर्च वाटतो.

कोअलेसर घेताना पंपाकडे नीट बघा. सेंट्रिफ्युगल पंप तेल घुसळतो आणि जे वेगळं करायचंय तेच मिसळून पुढे पाठवतो. हवेवर चालणारा डायफ्राम पंप किंवा पेरिस्टाल्टिक पंप, तोही हळू चालवलेला, असं मागा. कोटेशनमध्ये पंपाचा प्रकार लिहिलेला नसेल तर विचारा. आणि कोअलेसरच्या आधी गाळण हवंच. बारीक चिप्सनी माध्यम बुजलं की तो नुसता डबा राहतो.

सेंट्रिफ्यूज मोठ्या सेंट्रल सिस्टिमचं काम आहे. विखुरलेलं तेल आणि बारीक कण दोन्ही काढतो, झपाट्याने काढतो. पण महाग, आवाज करणारा, नियमित उघडून साफ करावा लागणारा. आधीच कमकुवत झालेल्या इमल्शनमधून तो कूलंटचे स्वतःचे मोठे थेंबही बाहेर फेकू शकतो, म्हणून लावल्यावर पहिले काही आठवडे कूलंटचं प्रमाण वरचेवर तपासा.

तेल शोषणाऱ्या पॉलिप्रॉपिलीनच्या उशा? एखाद्या छोट्या ग्राइंडरच्या टाकीत ठीक. पण भरल्यावर कुणी काढत नाही, हा अनुभव सार्वत्रिक आहे. आणि बॅग फिल्टर किंवा पेपर फिल्टर तेल काढण्यासाठी घेऊ नका. तो कणांसाठी असतो. तेलाने फक्त लवकर बुजतो.

लावलेला स्किमर काम करत नसेल तर

बरणी म्हणते तेल मोकळं आहे, गळती सापडली आहे, स्किमरही आहे, तरी तवंग राहतोय. मग या क्रमाने बघा.

जागा. तेल जिथे साचतं तिथे स्किमर हवा. प्रत्यक्षात तो बसतो जिथे ब्रॅकेट लावायला सोपं असतं तिथे. मशीन चालू असताना टाकीचं झाकण उघडून बघा तवंग कुठे ढकलला जातो. कूलंट परत पडतं तिथे सगळं उसळत असतं, पंपाच्या सक्शनजवळ ओढ असते. दोन्ही जागा वाईट. शांत कोपरा पाहिजे, तोही घाण बाजूच्या कप्प्यात, म्हणजे तेल जाळीपलीकडच्या स्वच्छ कप्प्यात जाण्याआधीच पकडता येतं. चिप कन्व्हेयरच्या खाली अडकलेलं तेल तर अनेकदा स्किमरपर्यंत पोचतच नाही. तिथे एखादा आडवा पत्रा लावून प्रवाहाला वळण द्यावं लागतं, किंवा नळीच्या स्किमरने त्या भोकातूनच काढावं लागतं.

वेळ. मशीन चालू असताना टाकी ढवळलेली असते. सगळ्यात चांगलं तेल निघतं ते मशीन काही तास थांबल्यावर, पुढची शिफ्ट सुरू होण्याआधी. टायमर लावा आणि स्किमर तेव्हाच दोन-तीन तास चालवा. चोवीस तास चालू ठेवणं हा आणखी एक गैरसमज. तेल संपलं की बेल्ट कूलंट उचलू लागतो, आणि त्यातही कूलंटमधले उपयोगी तेलकट घटक आधी. तीन शिफ्ट चालणाऱ्या मशीनला हा शांत वेळ मिळतच नाही. अशा ठिकाणी बाजूच्या फेऱ्यावरचा कोअलेसरच घ्यावा, स्किमरच्या मागे लागू नये.

वायपर. बेल्ट तेलाने माखून वर येतो आणि माखलेलाच खाली जातो, असं दिसलं तर वायपरची (बेल्टवरचं तेल खरवडणाऱ्या पट्टीची) धार गेली आहे. बारीक चिप्स तिला खातात. हा झिजणारा भाग आहे, घेतानाच दोन जास्तीचे घेऊन ठेवा. बेल्ट घसरत असेल तर आधी पुलीवर साय चढली आहे का बघा, मग ताण.

आणि पृष्ठभागावर फेस असेल तर तेल बेल्टपर्यंत पोचत नाही. फेसाचं कारण बहुतेक वेळा पंपात हवा शिरणं किंवा फार मऊ पाणी असतं. सिलिकॉनचं अँटिफोम ओतण्याआधी दोनदा विचार करा, विशेषतः वापरलेलं कूलंट पुढे मेम्ब्रेनमधून (सांडपाणी गाळणाऱ्या अतिसूक्ष्म छिद्रांच्या पडद्यातून) जात असेल तर. सिलिकॉन मेम्ब्रेनवर बसतं आणि सहजी निघत नाही.

वॉशिंग मशीनचं पाणी, सांडपाणी

पार्ट वॉशरमध्ये गणित जरा आपल्या बाजूचं असतं. ६० अंशांना पाण्याचा चिकटपणा (व्हिस्कॉसिटी) २० अंशांच्या निम्म्याहून कमी होतो, म्हणून थेंब दुपटीने वेगात वर येतात. पण गरम अल्कली पाण्यात टिकणारा बेल्ट आणि वायपर हवा, गिअर मोटरला वाफ लागणार नाही अशी मांडणी हवी. क्लीनरही असा निवडा जो तेल सोडून देतो, धरून ठेवत नाही. हीटर बंद केल्यावर नव्हे, स्प्रे बंद पण पाणी गरम असताना स्किमर चालवा.

सांडपाण्यात उद्देशच वेगळा आहे. तिथे काही जपायचं नसतं, फक्त तेल काढायचं. गुरुत्वावर चालणारे एपीआय (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट) पद्धतीचे सेपरेटर साधारण १५० मायक्रॉनपर्यंतचे थेंब काढतात. प्लेटवाले त्याहून बारीक. इमल्शन असेल तर ते आधी रसायनाने फोडावं लागतं आणि मग हवेच्या बारीक बुडबुड्यांनी तरंगवून काढतात, किंवा अल्ट्राफिल्ट्रेशन, म्हणजे मेम्ब्रेनमधून गाळणं. अल्ट्राफिल्ट्रेशनबद्दल एक गोंधळ सतत दिसतो: ‘एवढं बारीक गाळतं तर कूलंटलाच लावू.’ सोल्युबल किंवा सेमी-सिंथेटिक कूलंट त्यातून घातलं तर मेम्ब्रेन बाहेरचं तेल आणि कूलंटचं स्वतःचं तेल दोन्ही अडवतं, पलीकडे जवळपास पाणीच येतं. ते टाकाऊ कूलंटसाठी आहे. त्याच्याही आधी मोकळं तेल स्किमरने काढलेलं हवं, नाहीतर मेम्ब्रेन चोंदतं. कॉम्प्रेसरचं कंडेन्सेट (दाबलेल्या हवेतून निघणारं तेलकट पाणी) बहुधा पक्कं इमल्शन होऊन येतं, ते मोकळ्या तेलाच्या टाकीत सोडून सगळंच बिघडवू नका.

कूलंट कधी सोडून द्यायचं

बरणी २४ तास राखाडी राहिली, टायट्रेशन आणि रिफ्रॅक्टोमीटरमध्ये मोठी तफावत, पीएच ८.५ खाली आणि चढवूनही टिकत नाही, तर त्या कूलंटवर उपकरणाचा पैसा घालू नका. बदला. पण बदलताना नुसतं उपसून भरलं तर पाइप आणि कोपऱ्यांतला चिकटा नव्या कूलंटला काही दिवसांत लागण करतो. उपसण्याआधी सिस्टिम क्लीनर घालून, त्याच्या डब्यावर लिहिलेल्या वेळेइतकं मशीन फिरवा, कन्व्हेयर उघडून तळाचा गाळ काढा, पाण्याने एक फेरा द्या, मग भरा. खोल पिटमध्ये वास येत असेल तर आत वाकून काम करू देऊ नका. हायड्रोजन सल्फाइड विषारी आहे, आणि जास्त प्रमाणात त्याचा वास येणंच बंद होतं. आधी हवा खेळती करा आणि बंदिस्त जागेचे नियम पाळा. नवं कूलंट बनवताना पाण्यात कूलंट ओता, कूलंटमध्ये पाणी नाही. उलट केलं तर पहिल्या दिवसापासून इमल्शन भरड होतं आणि बाहेरचं तेल त्यात आणखी अडकतं. स्किमर आणि टायमर त्याच दिवशी चालू करा, तवंग दिसायची वाट बघू नका.

विक्रेत्याकडे जाताना बरणीचे तीन फोटो, टाकीचा आकार आणि उघड्या भोकाचं माप, पातळी किती वर-खाली होते, पंपाचा प्रवाह, कूलंटचा प्रकार, तापमान आणि रोज किती तेल टाकीत जातं तो अंदाज, एवढं सोबत न्या. जो यातलं काही न विचारता मॉडेल नंबर सांगतो त्याला नमस्कार करून पुढे जा. आपल्याच टाकीवर आठ दिवसांची ट्रायल मागा, आणि ट्रायलमध्ये डबा किती भरला हे बघण्यापेक्षा रोज नोझलचं कूलंट बरणीत भरून बघा.

डबा तळाला नळ असलेला घ्या. रात्रभर ठेवून सकाळी नळ उघडला की आधी खाली बसलेलं कूलंट बाहेर येतं. वास नसेल तर ते टाकीत परत घालता येतं. त्याचं प्रमाण तेलाइतकंच निघत असेल तर स्किमर गरजेपेक्षा जास्त वेळ चालतोय. टायमर अर्ध्या तासाने कमी करा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा नळ उघडून बघा.